कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी : रोजच्या थकव्याशी झगडलेले एक जीवन



चंद्रपूर व गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांत जो उपदेशक गावोगाव हिंडतो, त्यास बहुतेक प्रत्येक वस्तीत एखाददुसरे माणूस असे आढळते की, जे आजारी म्हणून अंथरुणास खिळलेले नसते, आणि निरोगी म्हणून कामासही नीट लागलेले नसते. सकाळी उठावे तो अंग जड. दुपारी धानाच्या बांधीत उभे राहावे तो हातपाय गळालेले. आणि रात्री सारे घर निजले म्हणजे ह्याच्याच डोळ्यास डोळा लागत नाही. मोहफुले वेचण्याच्या व तेंदूपत्ता तोडण्याच्या दिवसांत असे माणूस मागे पडते. मग घरचे त्यास आळशी म्हणतात, शेजारी नजर लागली असे म्हणतात, आणि मंडळीतील एखादा विश्वासाची उणीव आहे असा निवाडा देऊन मोकळा होतो. सून थकली तर तिची परीक्षा सर्वांत कठोर होते.

अशा थकव्याने वर्षानुवर्षे ग्रासलेल्या, व त्याचे कारण कोणालाही सांगता येत नसतानाही सातासमुद्रांपलीकडे जाऊन वैद्यकीचे शिक्षण पुरे करणाऱ्या एका मराठी स्त्रीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव डॉक्टर आनंदीबाई जोशी. पाश्चात्त्य वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या भारतातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते, ही गोष्ट शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु ही पदवी त्यांनी कोणत्या शरीराने मिळवली, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. घराणे एके काळी जमीनजुमल्याचे व मानाचे होते. पुढे त्यास ओहोटी लागली. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी ह्यांच्याशी लावण्यात आले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते, आणि त्यांची पहिली पत्नी वारली होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे विलक्षण पुरुष होते. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. त्या काळी बायकोने पुस्तक हाती धरल्यास नवरे रागावत; येथे बायकोने स्वयंपाकघरात वेळ घालवल्यास नवरा रागावे. हा हट्ट नसता तर आनंदीबाईंचे नाव आज कोणी घेतले नसते. तथापि चरित्र सांगताना खरे ते सर्व सांगितले पाहिजे. ह्या शिक्षणात मारही होता. लहानपणी पतीकडून मिळालेल्या कठोर वागणुकीचा उल्लेख पुढे आनंदीबाईंनी स्वतः त्यांस लिहिलेल्या पत्रात केला आहे. तेव्हा ह्या बालिकेच्या देहाने लहानपणापासूनच पुष्कळ सोसले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गोपाळरावांची बदली अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशी होत गेली, व प्रत्येक ठिकाणी आनंदीबाईंचा अभ्यास चालू राहिला. मुंबईस त्या मिशनच्या शाळेत जात असत. ब्राह्मणाच्या घरची तरुण स्त्री पुस्तके घेऊन रस्त्याने पायी चालते, हे पाहून लोक थट्टा करीत. ही विटंबना त्यांनी मुकाट्याने सोसली.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघा दहा दिवस जगला. त्या वेळी स्त्रीचे दुखणे पाहण्यास स्त्री वैद्य मिळत नसे, व पुरुष डॉक्टरापुढे कुलीन स्त्री सहसा जात नसे. सुइणीच्या अनुभवापलीकडे आधार नव्हता. योग्य उपचार मिळते तर आपले मूल वाचते, ही खंत त्या कोवळ्या आईच्या मनात खोल रुजली, व आपणच वैद्यकी शिकावी हा विचार तेथूनच दृढ झाला. चौदाव्या वर्षीचे बाळंतपण हे शरीराचे केवढे नुकसान करते, हे आपल्या भागातील आरोग्य-कार्यकर्त्यांस निराळे सांगावयास नको.

ह्याच सुमारास, म्हणजे १८७८ साली, गोपाळरावांनी कोल्हापूरहून अमेरिकन मिशनच्या लोकांस पत्र लिहून आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा केली. हे पत्र रेव्हरंड वाइल्डर ह्यांच्या हाती गेले. वाइल्डर साहेबांनी पूर्वी कोल्हापुरात पुष्कळ वर्षे काम केले होते, व तेव्हा ते अमेरिकेत मिशनविषयक एक मासिक चालवीत असत. त्यांनी उत्तरादाखल लिहिले की, ह्या पतिपत्नींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत करता येईल. गोपाळरावांस ही अट मान्य नव्हती. तेव्हा हे प्रकरण येथेच संपले असते. परंतु वाइल्डर साहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

१८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती मासिकाचा तो जुना अंक आला. एका हिंदू मुलीस शिकावयाचे आहे व तिला कोणी वाट दाखवीत नाही, हे वाचून त्यांचे मन द्रवले. त्यांनी घरी येऊन पत्र लिहिले. कोणतीही अट त्यांनी घातली नाही. त्या एका पत्रापासून ह्या दोघींचे असे नाते जडले की, आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. जे काम मासिकाच्या संपादकाकडून झाले नाही, ते त्याच मासिकाच्या एका वाचक बाईने केले. मदतीस अट जोडणाऱ्यांनी व न जोडणाऱ्यांनीही ह्यावर विचार करण्यासारखा आहे.

१८८१ साली गोपाळरावांची बदली कलकत्त्याकडे झाली, आणि येथून आनंदीबाईंच्या दुखण्याची हकीकत सुरू होते. बंगालची दमट हवा त्यांस मानवली नाही. अशक्तपणा, नित्याची डोकेदुखी, मधून मधून येणारा ताप, आणि कधी कधी लागणारी धाप अशी त्यांची अवस्था झाली. त्या अंथरुणास खिळलेल्या नव्हत्या. घरचे काम, वाचन, इंग्रजी लेखन हे सर्व चालूच होते. पण प्रत्येक दिवस थकव्यानेच उजाडावा व थकव्यानेच मावळावा, असे झाले. त्यांचे वय त्या वेळी अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून टपालाने औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही. दुखण्यास नावच नव्हते, तर औषध लागू पडावे कसे?

येथे क्षणभर थांबून त्या काळच्या वैद्यकशास्त्राकडे पाहिले पाहिजे. आजच्या काळी अशी तरुण स्त्री दवाखान्यात आली, तर डॉक्टर तीन-चार प्रश्न आपल्यापुढे ठेवील. हिचे रक्त कमी झाले आहे काय? हिला हिवताप आहे काय? हिच्या छातीत क्षय आहे काय? आणि ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तपासणीने मिळवील. आनंदीबाईंच्या वेळी ह्या वाटा नुकत्याच उघडत होत्या. हिवतापाचे जंतू रक्तात असतात हे फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँ ह्यांनी १८८० साली दाखवले होते. पण तो रोग डासांमार्फत पसरतो हे रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबादेस शोधून काढले ते १८९७ साली. क्षयाचा जंतू बर्लिन येथे रॉबर्ट कॉक ह्यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. छातीचे चित्र काढण्याचे क्ष-किरण १८९५ साली सापडले. म्हणजे ज्या दिवसांत ही मुलगी बंगालमध्ये कपाळास हात लावून बसत होती, त्याच दिवसांत युरोपात तिच्यासारख्यांच्या दुखण्याची कारणे एकामागून एक सापडत होती. पण ते ज्ञान तिच्या उशापर्यंत पोहोचले नव्हते. तिच्या थकव्यास कारण नव्हते असे नाही. ते पाहण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते, इतकेच.

अशा प्रकृतीने परदेशी जावे की नाही, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. गोपाळरावांस रजा मिळत नव्हती, तेव्हा पत्नीने एकटीनेच पुढे जावे असे त्यांनी ठरवले. कलकत्त्याच्या समाजात, हिंदू व ख्रिस्ती दोन्हींत, ह्यावर पुष्कळ टीका झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात जाहीर भाषण केले. हे सेरामपूर म्हणजे तेच, जेथे विल्यम केरी व त्यांच्या सोबत्यांचे मिशन होते, आणि जेथून केरी साहेबांचे मराठी व्याकरण १८०५ साली बाहेर पडले. त्या सभागृहात उभे राहून अठरा वर्षेही पुरी न झालेल्या ह्या मराठी मुलीने आपण का जातो हे इंग्रजीत समजावून सांगितले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, येथे शिकण्याची सोय कशी अपुरी आहे, व आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, हे त्यांनी स्पष्ट केले. आपल्या डोकेदुखीची व तापाची कैफियत मांडून त्यांनी कोणाची कीव मागितली नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. सोबत काही युरोपियन बाया होत्या. वाटेत धर्मांतराचा आग्रह झाला. खाण्याचेही हाल झाले, कारण त्या शाकाहारी होत्या. कार्पेंटरबाई त्यांस घेण्यास आल्या. पुढील काही महिने रोझेल येथे मावशीच्या घरी गेले. तेथे वेळेवर जेवण, मोकळी हवा, मायेची माणसे व पुरेशी विश्रांती मिळाली, आणि प्रकृतीस थोडा उतार पडला. आनंदीबाईंच्या सबंध प्रौढ आयुष्यात शरीरास इतकी स्वस्थता पुन्हा क्वचितच लाभली असेल.

त्याच वर्षी शरद ऋतूत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला. कॉलेजच्या मुख्य अध्यापिका डॉक्टर रेचल बॉडली ह्यांनी त्यांस आपुलकीने वागवले, व शिष्यवृत्तीचीही सोय झाली. परंतु राहण्याची जागा वाईट मिळाली. खोलीतील शेकोटीची व्यवस्था नीट नव्हती. ती पेटवली तर खोली धुराने भरे. न पेटवली तर हाडे गोठवणारी थंडी सोसावी लागे. आपल्या भागातील ज्या बहिणी पावसाळ्यात बंद झोपडीत ओल्या लाकडांची चूल पेटवतात, त्यांस ह्या निवडीचा अर्थ सहज कळेल. अंगावर नऊवारी लुगडे. त्याने त्या देशाच्या थंडीचे निवारण होईना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. खाणे शाकाहारी व तुटपुंजे. एका बाजूस प्रेते चिरण्याचा, रसायनांचा व रुग्णालयातील कामाचा अभ्यास. दुसऱ्या बाजूस स्वतःच रांधून खाणे. अशा स्थितीत ताप व खोकला मागे लागला तो कायमचाच.

वाचकहो, ज्यास रात्री खोकला येतो व संध्याकाळी कसर भरते, त्यास झोप कशी लागावी? आणि ज्याची रात्र अशी तुटक जाते, त्याचा दिवस पेंगत व कण्हत जाणारच. दिवसा गळालेला माणूस संध्याकाळी काम उरकण्यासाठी जागतो, जागल्यामुळे दुसऱ्या दिवशी अधिक गळतो, आणि असे चक्र फिरत राहते. आनंदीबाईंनी हे चक्र कसे सोसले? पहिली गोष्ट ही की, त्यांनी आपले काम एकाच हेतूशी बांधून घेतले होते. मायदेशीच्या बायांस स्त्रीच्या हातून औषध मिळावे, हा तो हेतू. दुसरी गोष्ट, त्यांनी एकटेपणा आत कोंडून ठेवला नाही. मावशीला व घरच्यांस पत्रे लिहिण्याचा नेम ठेवला. आणि तिसरी गोष्ट, आपल्या चालीरीती, आपला आहार व आपला पोशाख ह्यांत शक्य तितका फेरफार करून उरलेले त्यांनी शांतपणे जपले. ह्या तीन आधारांवर त्यांनी तीन वर्षे काढली.

पण येथेच एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. त्यांच्या ह्या सहनशक्तीची सर्वांनी वाहवा केली, आणि बहुधा त्या वाहवेमुळेच त्यांचे दुखणे मागे पडले. जी मुलगी तापातही वर्गात येते, तिला ताप आहे हे लोक विसरतात. सभोवती डॉक्टरच डॉक्टर असताना त्यांचे शरीर हळूहळू झिजत गेले. सहन करणे हा गुण खरा. तथापि सहन करण्याने रोग बरा होत नाही, तो केवळ दिसेनासा होतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस वैद्यकीची पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदू लोकांतील प्रसूतिविद्या हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने हाच विषय निवडावा, ह्यात नवल नाही. पदवीदानाच्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. एक ख्रिस्ती झालेली, व एक हिंदू राहिलेली, अशा दोन मराठी स्त्रिया त्या दिवशी परदेशात एकमेकींच्या शेजारी होत्या, आणि दोघींच्या मनात मायदेशीच्या दुबळ्या बायांचाच विचार होता. गोपाळरावही तोवर अमेरिकेस जाऊन पोहोचले होते व समारंभास हजर होते. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. म्हणजे ज्या कोल्हापुराहून पहिले पत्र गेले होते, तेथेच डॉक्टर होऊन परत जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

परंतु आता शरीर साथ देईना. परतीचा प्रवास आजारातच झाला. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. पण ज्या बाईंचे स्वागत झाले त्यांस उभे राहणेही कठीण झाले होते. दुखणे क्षयाचे आहे हे आता उघड झाले. हवापालट व उपचार ह्यांसाठी त्यांस पुण्यास नेण्यात आले. नाना उपाय झाले. कशाचाही उपयोग झाला नाही, कारण त्या काळी क्षयावर खरे औषध पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वयास बावीस वर्षे पुरी होण्यास महिन्याहून थोडा अधिक अवधी होता. परत आल्यापासून अवघे सव्वातीन महिने लोटले होते, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांस एक दिवसही काम करता आले नाही. त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली, व न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ती पुरण्यात आली. तेथे आजही त्यांच्या नावाचा दगड आहे.

त्याच शतकात दुसऱ्याही एका प्रसिद्ध स्त्रीस असाच न उलगडणारा थकवा जडला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई क्रिमियाच्या युद्धातील जखमी शिपायांची शुश्रूषा करून १८५६ साली परत आल्या. रणभूमीवर असताना १८५५ साली त्यांस कठीण ताप येऊन गेला होता. १८५७ साली त्या अगदी कोसळल्या, व पुढे कित्येक वर्षे अशक्तपणा, छातीतील धडधड व निद्रानाश ह्यांमुळे बहुतेक खोलीतच राहिल्या. त्या काळी कोणी त्यांस ढोंगी म्हटले, कोणी दुखणे मनाचे आहे असे म्हटले. गाईशेळ्यांच्या दुधातून येणाऱ्या एका दीर्घ तापाचा तो परिणाम असावा, असे मत १९९५ साली एका वैद्यकीय लेखात पुढे आले. बाईंनी मात्र आपली शक्ती मोजून खर्च केली. भेटीगाठी थोड्या केल्या, एका वेळी एकाच माणसास भेटल्या, आणि अंथरुणातूनच लेखन चालवले. हिंदुस्थानातील आरोग्यविषयक सुधारणांसाठी त्यांनी पुष्कळ लिहिले; हिंदुस्थानास मात्र त्या कधीही आल्या नाहीत. त्या नव्वद वर्षे जगल्या. दोघींचे दुखणे एकच होते असे आमचे म्हणणे नाही. नाइटिंगेलबाईंस घर होते, पैसा होता व विश्रांतीची मुभा होती. परदेशी शिकणाऱ्या गरीब विद्यार्थिनीस ह्यांतले काहीच नव्हते. पण थकलेल्या माणसास विश्रांतीची मुभा देणे हे बहुतांशी भोवतालच्या माणसांच्या हाती असते, एवढे ह्या दोन चरित्रांवरून दिसते.

आता पुढची हकीकत ऐका. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी, १९४३ साली, स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयाच्या जंतूस मारणारे पहिले खरे औषध मातीतील सूक्ष्म जीवांपासून वेगळे काढण्यात आले. आणि तेही न्यू जर्सी प्रांतातच, जेथे मावशीच्या घरी आनंदीबाईंनी आपले सुखाचे थोडे महिने घालवले होते. त्यानंतर आणखी औषधे निघाली. ज्या रोगाने त्यांस नेले, तो आज साधारणपणे सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो, मात्र औषध मध्येच सोडता कामा नये. ही औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, व थुंकीची तपासणीही विनामूल्य होते.

ह्या चरित्रापासून आपल्या दोन जिल्ह्यांतील मंडळ्यांनी काय घ्यावे? आपल्या भागात रोजच्या थकव्याची कारणे पुष्कळ वेळा शरीरातच असतात, व ती शोधता येतात. येथे हिवताप फार. येथे बायांच्या अंगात रक्त कमी. येथे क्षय आहे. शिवाय आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा दोष आहे, ज्यात रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, अंग दुखते व माणूस सदा थकलेला राहतो. ह्या दोषाचा शोध अमेरिकेत १९१० साली लागला व भारतात तो १९५२ साली प्रथम आढळला. ह्याची तपासणी आता सरकारी आरोग्य केंद्रांतून होते, व लग्नापूर्वी ती करून घेणे हिताचे असते, कारण दोन्ही बाजूंस दोष असल्यास मुलांस तो रोग होण्याचा संभव असतो.

म्हणून ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, संध्याकाळी कसर येते, रात्री घाम सुटतो किंवा वजन उतरते, त्यास उपदेशकाने आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. ज्यास थंडी वाजून ताप येतो, त्याचे रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावे. पुजाऱ्याकडे जाऊन आलेल्या माणसास रागे भरू नये. त्यास दवाखान्याची वाट दाखवावी, व शक्य तर त्याच्या सोबत जावे. एकटे माणूस दूरच्या गावी जाण्यास कचरते, हे आपण जाणताच.

तपासणीत काही न निघाल्यास निजण्याउठण्याच्या सवयींकडे पाहावे. रोज एकाच वेळी उठावे, मग रात्र कशीही गेलेली असो. दिवसा फार वेळ झोपू नये. सूर्य मावळल्यावर कडक चहा व तंबाखू टाळावी. झोप न आल्यास कूस बदलत पडून राहू नये; थोडा वेळ उठून बसावे व डोळे जड झाले म्हणजे पुन्हा आडवे व्हावे. ज्याच्या घोरण्यात श्वास अडकतो, त्याने डॉक्टरास तसे सांगावे. कारण असे माणूस रात्रभर निजूनही दिवसा पेंगते. जे मन दुःखाने किंवा कर्जाच्या चिंतेने जागे राहते, त्याचे दुखणेही खरेच दुखणे आहे, व त्यावरही डॉक्टर उपाय करू शकतात. आणि इतके करूनही ज्याचा थकवा राहतो, त्यास त्याच्या शक्तीच्या मापाने काम द्यावे. रोवणीस जाणे झाले नाही, तर घरी मुले सांभाळण्याचे काम लहान नव्हे.

अशा माणसाच्या विश्वासाची परीक्षा घेण्याची घाई कोणी करू नये. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली थकून पडला, तेव्हा त्यास प्रथम झोप मिळाली व मग भाकर मिळाली. पुढची कामगिरी त्यानंतर सांगण्यात आली. हा क्रम आपल्या उपदेशकांस ठाऊक आहे, तो घरोघरी पाळला जावा.

आनंदीबाईंच्या हातून एकाही रोग्यास मायदेशी औषध मिळाले नाही. तरीही त्यांच्यामागून ह्या प्रांतातील कित्येक मुलींनी वैद्यकीचा मार्ग धरला, आणि आज गडचिरोलीच्या आडगावी डॉक्टरीणबाई व परिचारिका रोग्याची नाडी पाहतात, तेव्हा त्या वाटेची आरंभीची पावले कोणत्या थकलेल्या पायांनी पडली, ह्याची आठवण ठेवणे योग्य होईल. येत्या आठवड्यात प्रत्येक मंडळीतील वडिलांनी आपल्या वस्तीत फिरून पाहावे. जी सून, जो म्हातारा, जी शाळकरी मुलगी सदा गळालेली दिसते, तिची किंवा त्याची रात्र कशी जाते, हे शांतपणे विचारावे, उत्तर पुरते ऐकून घ्यावे, आणि मग तपासणीचा दिवस ठरवावा.